गृहीतक सिद्ध झालं नाही, तरी पास करा

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

विषय : ‘संशोधन पद्धती’ हा पेपर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्याकडे एम.ए.च्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा चालू होती. एका मुलीचा विषय होता ‘महिला सरपंचांचे सक्षमीकरण’. हा विषय आमच्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. बारा गावं एसटीने आणि वडापने फिरून तिने बारा प्रश्नावल्या भरून आणल्या होत्या. एक्स्टर्नल सरांनी गठ्ठा चाळला आणि एका पानावर थांबले. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘उत्तरं मिस्टरांनी दिली. सरपंच मॅडम चहा ठेवायला आत गेल्या.’ पुढच्या कागदावर, ‘दीर शेजारी बसून होते.’ अशा नोंदी सात कागदांवर होत्या. सर म्हणाले, “हे खोडून टाक बाळा. बाइंडिंगला कॉपी स्वच्छ पाहिजे.”

तिने कंपासमधून खोडरबर काढलं आणि तिथेच बसून सातही ओळी खोडल्या. मी शेजारच्या खुर्चीत होते. काही बोलले नाही. गुण सरांच्या हातात होते.

त्या प्रकल्पात आता असं छापलेलं आहे की १०० टक्के महिला सरपंच ग्रामसभेत मोकळेपणाने मत मांडतात. बारापैकी बारा. ‘अ’ श्रेणी मिळाली. त्या गठ्ठ्यात संशोधन म्हणावं असं जे होतं ते त्या सात ओळींत होतं, आणि ते खोडरबराच्या भुग्यात गेलं. हे पत्र मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षं हा पेपर शिकवते आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या पहिल्या वर्षात संशोधन पद्धतीला चार क्रेडिट दिले, क्षेत्रीय प्रकल्प आणला, दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प ठेवला. कागदावर हे उत्तम झालं. पण पेपर तोच राहिला. ‘प्रश्नावली म्हणजे काय ते सांगून तिचे गुणदोष लिहा.’ हा प्रश्न मी विद्यार्थिनी असताना सोडवला, आता तपासते. गुण : वेळ व पैशाची बचत होते. दोष : निरक्षरांना उपयोग नाही. आयुष्यात कधी अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून एक प्रश्न न विचारलेला मुलगा मुलाखत तंत्रावर वीसपैकी पंधरा गुण घेतो, आणि मला ते द्यावे लागतात, कारण आदर्श उत्तरात तेच लिहिलेलं असतं.

जरा शब्दांकडे बघू. हायपोथेसिसला, म्हणजे अभ्यासातून तपासून बघायच्या अंदाजाला, आपल्या पुस्तकांत चार मराठी शब्द सापडतात : गृहीतक, गृहीतकृत्य, परिकल्पना, अभ्युपगम. पुस्तक बदललं की शब्द बदलतो. वर्गात टिकला तो गृहीतक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा त्यानेच केला. मराठीत आपण जे तपासायचं नसतं ते गृहीत धरतो. ‘मला गृहीत धरू नकोस’ हे आपण भांडताना म्हणतो. मुलांनी तो शब्द त्याच अर्थाने घेतला तर त्यांची चूक काय? ‘ग्रामीण भागातील महिलांमध्ये राजकीय जागृती झालेली आहे’ असं गृहीतक पहिल्या प्रकरणात येतं आणि शेवटच्या प्रकरणात ‘सदर गृहीतक सिद्ध होते’ असं म्हणून घरी जातं. मधली साठ पानं म्हणजे वरातीची वाट.

मी दुसऱ्यांना का बोलू? माझ्या पीएच.डी.च्या वेळी मला सांगण्यात आलं होतं, “चार गृहीतकं घ्या, आणि सिद्ध होतील अशीच घ्या.” तीन झाली, चौथं उलटं निघालं. सहा महिने त्या कामात घातले होते आणि त्या प्रबंधात सगळ्यात नवं सापडलेलं तेच होतं. मला वाक्यरचना बदलायला सांगितलं. मी बदलली. चौथंही सिद्ध झालं. तो प्रबंध ग्रंथालयात आहे, कुणी मागत नाही, बरं आहे.

हल्ली मी वर्गात गृहीतक म्हणतच नाही, पैज म्हणते. पैज हरता येते. तुझी पैज कशावर आहे, आणि काय दिसलं तर तू हरलास असं कबूल करशील? हे दुसरं वाक्य मुलांना लिहायला लावलं की निम्म्या मुलांचे विषयच बदलतात.

आता नमुना निवड, म्हणजे सगळ्यांऐवजी कुणाकुणाला विचारायचं ते. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. आमचा मुलूख भाकरीचा, तरी म्हण सगळ्यांना ठाऊक असते. मग विचारते, कुठलं शीत? मुली पटकन बोलतात. पातेल्यात वरचा भात टचटचीत, तळचा लागलेला, मधला बरा. वरचं शीत दाबून बघितलं तर भात कच्चा, डाव तळाशी घातला तर करपलेला. म्हण खोटी का मग? नाही. पूर्वी भात भरपूर पाण्यात उकळून वेळत असत. त्या उकळीत शितं खालीवर होत राहायची, म्हणून कुठलंही उचललं तरी चालायचं. गाव असं उकळत नसतं. पाटलाची गल्ली वेगळी, वेशीजवळची वस्ती वेगळी, तांडा दोन किलोमीटरवर. आमचा विद्यार्थी संध्याकाळच्या गाडीने उतरतो, पारावर बसलेल्या मंडळींकडून शंभर फॉर्म भरून घेतो आणि शेवटच्या गाडीने परततो. पारावर बाई नसते. तांड्यावरचं कुणी नसतं. कामावरून अजून न परतलेला गडीही नसतो.

शंभरच का, असं एकदा विचारलं. “टक्केवारी काढावी लागत नाही मॅडम.” यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही. विद्यापीठाच्या गावातली मुलं ३८४ म्हणतात. किती माणसं विचारावीत याच्या कुठल्या तरी तक्त्यात हा आकडा सापडतो. ३८४ माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची असतात हे त्या तक्त्याबरोबर कुणी सांगत नाही, आणि ३८४ पाहुणेरावळे व्हॉट्सॲपवरच्या फॉर्ममध्ये सहज जमतात.

आमच्या जिल्ह्याचं एक वेगळं आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत ती दोन माणसं एकच धरतात. (मापनाचं एकक या विषयावर मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. मुकादम बाईला अर्धा कोयता मोजतो आणि आमची प्रश्नावली तिला ‘गृहिणी’ मोजते.) ही माणसं परततात मार्च-एप्रिलच्या सुमारास. तुमच्या वेळापत्रकात क्षेत्रीय प्रकल्प येतो दुसऱ्या सत्रात, म्हणजे नेमकं घराला कुलूप असताना. मुलं काय करतात? कुलूप दिसलं की शेजारचं घर घेतात. शेजारचं घर उघडं असतं कारण त्यांच्याकडे बागायत असते, किंवा नोकरी, किंवा किराणा दुकान. अशी वीस-पंचवीस कुलपं ओलांडली की जिल्ह्यातली गरिबी कागदावरून नाहीशी होते. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, कुणी आळस केलेला नसतो. एका मुलाने तर तांड्यावर भेटतील तेवढी माणसं प्रामाणिकपणे गाठली. राहिलेली सगळी म्हातारी. त्याने निष्कर्षात लिहिलं, ‘तांड्यावर वृद्धांचे प्राबल्य दिसून येते.’ मी हसले, मग लक्षात आलं की त्याला हे कधी शिकवलंच नव्हतं. घर बंद असेल तर काय करायचं, यावर आपल्या अभ्यासक्रमात एक ओळ नाही. तेवढ्या ओळीसाठी मी पूर्ण ‘संशोधनाचे महत्त्व’ हे प्रकरण द्यायला तयार आहे.

हे सगळं वर्गापुरतं असतं तर मी खुलं पत्र लिहिलं नसतं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाबद्दल निकाल दिला आणि ‘इम्पिरिकल डेटा’ (प्रत्यक्ष मोजून गोळा केलेली माहिती) हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. माझा धाकटा भाऊ शेती करतो, त्याने मला फोन करून अर्थ विचारला. त्यानंतर २०२२ मध्ये ही माहिती गोळा करायला नेमलेल्या बांठिया आयोगाचं काम चालू असताना आक्षेप आला की मतदार यादीतल्या आडनावांवरून जात ठरवली जाते आहे. तो वाद किती खरा, किती राजकीय, हे इथे बाजूला ठेवते. मी वर्गात नुसती पाच आडनावं लिहिली : जाधव, पवार, चव्हाण, गायकवाड, राठोड. आणि विचारलं, जात सांगा. समोर त्याच आडनावांची मुलं बसली होती. एक जाधव मराठा, एक जाधव बौद्ध, एक जाधव बंजारा. तिघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. जी गोष्ट आपल्याला मोजता येत नाही तिच्या जागी सोपी गोष्ट मोजली की काय होतं, हे त्या तीन जाधवांना एका मिनिटात कळलं. आपल्या पाठ्यपुस्तकात यालाच ‘निर्देशकाची वैधता’ म्हणतात आणि अडीच पानं देतात.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणासाठी राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं. शिक्षक मोबाइल घेऊन घरोघर गेले, दीडशेच्या वर प्रश्न. आमचे कित्येक माजी विद्यार्थी त्यात प्रगणक होते. कोट्यवधी लोकांच्या आरक्षणाचा वाद ज्या माहितीवर चालणार, ती गोळा करणारी ही मुलं कुणी घडवली? आपण. बंद घराचं काय करायचं हे त्यांना आपणच शिकवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडम, साहित्य कुठे आहे? इथे माझी खरी तक्रार आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावात घरोघर गेले आणि १९१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आज तिथे टॉवर आहेत. तेव्हा १५६ खातेदारांची जमीन सातशेहून जास्त तुकड्यांत विभागलेली होती. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला आणि मुळाशीच हात घातला : किती जमीन ‘पुरेशी’, हे ठरवायचं कशावरून? मॅन आणि इतरांनी कुटुंबाला खायला किती लागतं त्यावरून ठरवलं होतं. आंबेडकर म्हणाले, हे माप चुकीच्या बाजूने लावलं. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही ते शेतकऱ्याच्या हाताशी भांडवल, अवजारं, मजूर किती आहेत त्या प्रमाणात ठरेल. संकल्पनेची व्याख्या बदलली की निष्कर्ष कसा बदलतो, हे शिकवायला यापेक्षा धारदार उदाहरण कुठल्याही भाषेत मिळायचं नाही. हे आपल्या राज्यशास्त्राच्या मुलांना ‘विचारवंत’ या पेपरात, जयंतीच्या भाषेत शिकवलं जातं. पद्धतीच्या पेपरात नाही.

आणि सुखात्मे. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. पिकाचा अंदाज काढताना शेतातला किती मोठा तुकडा कापायचा, यावरून त्यांचा आणि कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. दोरी आखली की पिकाची काही ताटं ऐन दोरीवर येतात. कापणारा ती बाहेर टाकण्यापेक्षा आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त.

हे सांगत असताना मागच्या बाकावरची मुलं, जी एरवी खिडकीबाहेर बघतात, ताठ झाली. त्यांच्या घरी पीक विम्यावरून दर वर्षी भांडणं होतात. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतो, त्यात उत्पन्न जास्त निघालं की भरपाई गेली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा सुतळी आणि खुंट्या घेऊन आला. आमच्या कॉलेजच्या मैदानावर गाजर गवताचं भरघोस पीक असतं. पाच गट केले. प्रत्येकाने एक अर्ध्या मीटरचा आणि एक चार मीटरचा चौकोन आखला, आतलं गवत मोजलं, दर चौरस मीटरला किती ते काढलं. पाचपैकी चार गटांचा लहान चौकोनाचा आकडा जास्त आला. पाचव्याचा कमी, कारण त्यांचा लहान चौकोन गोलपोस्टसमोरच्या टकलावर पडला होता. मग अर्धा तास त्यावर वाद. “मॅडम, आम्ही जागा बदलू का?” “का बदलायची?” “गवतच नाही.” “गवत नाही हे उत्तर नाही का?” शिपाईमामा हे सगळं बघत होते. गवत मोजण्यापेक्षा उपटा म्हणाले.

त्या तासाला सुतळी लागली, बाकी काही नाही. त्याचे गुण मात्र मला कुठल्याच रकान्यात टाकता आले नाहीत.

याउलट ‘प्रकरण चार’ला गुण आहेत. विद्यापीठांच्या आसपास अशी दुकानं आहेत जिथे झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग आणि ‘डेटा ॲनालिसिस’ एकाच काउंटरवर होतं. प्रश्नावल्या द्या, तक्ते घ्या, काय-वर्ग परीक्षणासह (chi-square नावाची आकडेमोड). प्रश्नावल्या नसतील तर त्याही होतात. घरी बसून भरलेला गठ्ठा मी ओळखते : दोन-तीन रंगांची पेनं आलटून पालटून वापरलेली असतात, पण एकही उत्तर खाडाखोड केलेलं नसतं, आणि एकही माणूस ‘काय की बाई’ असं म्हणालेला नसतो. खऱ्या गावात दर तिसरा माणूस तेच म्हणतो. ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ’ या पायऱ्यांवर ‘काय की’ला जागा नाही, मग मुलं त्याला तटस्थ लिहितात. ती बाई तटस्थ नसते. तिला ते मत तुमच्यासमोर सांगायचं नसतं, किंवा तिला कधी कुणी विचारलेलंच नसतं.

तर मागणं काय, ते सांगते.

प्रकल्पात ‘काय चुकलं’ या नावाचं प्रकरण सक्तीचं करा आणि त्याला सर्वांत जास्त गुण द्या. किती घरं बंद होती, कोण शेजारी बसलं होतं, कुठला प्रश्न कुणालाच कळला नाही, कुठे आम्हीच घाई केली. पेन्सिलीची टिपणं मूळ रूपात जोडायची, खोडायची नाहीत. हे खोटं लिहिणं शंभर फॉर्म खोटे भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. तेव्हा दुकानांची काळजी आपोआप मिटेल, निदान त्यांचे दर तरी वाढतील.

गृहीतक सिद्ध न झाल्याबद्दल एकही गुण कापला जाणार नाही, असं परीक्षकांच्या सूचनांमध्ये स्पष्ट छापा. आमच्याकडे छापलेलं नसेल ते नाही असंच धरतात.

लेखी परीक्षेतला ‘गुणदोष लिहा’ बंद करा. समोर काहीतरी ठेवा. लोकसभेचे १ जून २०२४ चे एक्झिट पोल ठेवा : अनेकांनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या, ४ जूनला मिळाल्या २९३. मतदान केंद्राबाहेर उभं राहून विचारणं, आणि लोकनीती या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेसारखं मतदार यादीतून नावं निवडून घरी जाऊन विचारणं, यात उत्तर देणाऱ्याच्या मनात काय फरक पडतो, ते लिहायला सांगा. किंवा एक भरलेली प्रश्नावलीच द्या आणि ती कुठे कुठे संशयास्पद आहे ते विचारा. तपासायला वेळ लागेल, मान्य. तपासणीचा दर वाढवा, तो वेगळा अर्ज मी स्वतंत्रपणे केलेलाच आहे.

क्षेत्रीय प्रकल्पाचे महिने विद्यापीठाने ठरवू नयेत. आमच्या मुलांना पावसाळ्यात जाऊ द्या, कोयते घरी असताना. कोकणातल्या कॉलेजला कदाचित नेमकं उलटं हवं असेल.

आणि मुलांना एसटीचं भाडं द्या. बारा गावांची ती मुलगी स्वतःच्या पैशाने फिरली होती. काही गावांना दोनदा गेली, कारण पहिल्यांदा सरपंच मॅडम भेटल्या नाहीत, मिस्टर भेटले. दुसऱ्यांदाही मिस्टरच भेटले. तेही तिने समासात लिहिलं होतं.

पाठ्यक्रम समितीची बैठक मुख्यालयात होते, हे मला ठाऊक आहे. एकदा इकडे घ्या. ऑगस्टमध्ये या. आमची मुलं तुम्हाला तांड्यावर घेऊन जातील, प्रश्नावली तुम्ही भरून घ्यायची, मुलं समासात लिहितील. गुरुवारी येऊ नका, बाजार असतो, घरात कुणी सापडत नाही. आणि यायचं तर सकाळी आठच्या आत, नंतर सगळी रानात जातात.

आपली,
संशोधन पद्धती शिकवणारी एक प्राध्यापिका
बीड जिल्हा